गाडीचा पिकअप वाढवायचा तर इंजिनची पॉवर वाढवायची की वजन कमी करायचं?

इन्स्टाग्रामवर एखादं रील बघता बघता 'स्टेज वन रीमॅप'ची जाहिरात येते. लॅपटॉप जोडला, अर्ध्या तासात सॉफ्टवेअर बदललं आणि गाडी हवेत, असा एकूण थाट. खाली कमेंटमध्ये दुसरा कोणीतरी सांगतो, "पैसे कशाला घालवतोस? मागची सीट काढ, स्टेपनी काढ, तेवढाच फरक पडेल."

यातला खरा कोण? गंमत म्हणजे दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे आणि दोघांचाही सल्ला जसाच्या तसा ऐकला तर नुकसान तुमचंच आहे. पैशांचं, वॉरंटीचं, इन्शुरन्सचं आणि प्रसंगी जिवाचंही.

त्यामुळे आधी गणित समजून घ्या, पैसे खर्च करायचे की नाही ते नंतर ठरवा.

एकच इंजिन, दोन स्विफ्ट

हा प्रश्न समजायला परदेशी सुपरकारची गरज नाही. आपल्याकडे घरोघरी दिसणारी मारुती स्विफ्ट पुरेशी आहे.

2011 ला आलेली दुसऱ्या पिढीची पेट्रोल स्विफ्ट आणि 2018 ला आलेली तिसऱ्या पिढीची स्विफ्ट, दोन्हींमध्ये 1.2 लिटरचं के-सिरीज इंजिन होतं. ताकद दोन्हीकडे साधारण 83 पीएस. पीएस म्हणजे आपण बोलताना ज्याला हॉर्सपॉवर म्हणतो ते. इंजिनात फार काही बदललं नाही. बदललं ते गाडीचं वजन. नव्या हार्टेक्ट प्लॅटफॉर्ममुळे पेट्रोल स्विफ्ट सुमारे 85 किलोने हलकी झाली.

समजा जुनी गाडी 960 किलोची आणि नवी 875 किलोची धरली. दोन्हीत 75 किलोचा एकटा ड्रायव्हर बसवला.

जुन्या गाडीला दर टनामागे 80 पीएस मिळतात.

नव्या गाडीला दर टनामागे 87 पीएस मिळतात.

आता जुन्या गाडीलाही 87 वर आणायचं असेल, तर तिच्या इंजिनमधून 83 ऐवजी 90 पीएस काढावे लागतील. म्हणजे मारुतीने इंजिनला हात न लावता 7 पीएस जोडल्यासारखा परिणाम मिळवला. वर एआरएआयच्या चाचणीतलं ॲव्हरेज लिटरला 20.4 किलोमीटरवरून 22 वर गेलं. पॉवर वाढवून ॲव्हरेज वाढल्याचं उदाहरण शोधायला गेलात तर दमछाक होईल.

या आकड्याला पॉवर-टू-वेट रेशो म्हणतात. पिकअप कसा असेल याचा पहिला अंदाज यावरून येतो. वजन आठ टक्क्यांनी उतरवा किंवा पॉवर आठ-नऊ टक्क्यांनी चढवा, कागदावर पिकअप जवळपास सारखाच सुधारतो.

पण रस्ता म्हणजे कागद नाही. दोन्ही उपायांचा खरा फरक तिथेच दिसतो.

पॉवर नेमकी कुठे कामाला येते?

पॉवरचा फायदा दिसतो तो एक्सलेटर दाबलेला असताना. सरळ रस्ता आहे, ओव्हरटेक करायचं आहे, समृद्धी महामार्गासारख्या मोकळ्या रस्त्यावर वेग धरायचा आहे, तिथे पॉवर कामाची.

कारण वेग वाढला की गाडीचा मुख्य शत्रू वजन राहत नाही, हवा होते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो कापायला लागणारी पॉवर वेगाच्या घनाने. त्यामुळे टॉप स्पीड दुप्पट करायचा तर हवा कापायला आठपट पॉवर लागेल. उलट पॉवर 10 टक्क्यांनी वाढवली तर टॉप स्पीड जेमतेम 3 टक्क्यांनी वाढतो. ताशी 160 ची गाडी 165 वर जाते. या ठिकाणी वजन कमी करून हाताला फार काही लागत नाही.

टॉप स्पीडच्या शर्यतीत शेवटी काय होतं ते बघायला 2005 ची बुगाटी वेरॉन बघा. 16 सिलिंडर, 4 टर्बो, 1001 पीएस आणि वेग ताशी 400 किलोमीटरच्या वर. पण एवढ्या इंजिनची उष्णता बाहेर टाकायला त्या गाडीला 10 रेडिएटर लागले. वजन गेलं 1,888 किलोवर, म्हणजे दोन स्विफ्ट एकत्र केल्यासारखं.

पॉवर वाढली की वजनही मागून येतं, ते असं. मोठं इंजिन, त्याला मोठा रेडिएटर, दणकट गिअरबॉक्स, मोठे ब्रेक, रुंद टायर. आपल्याकडेही हेच दिसलं. 2017 ला मारुतीने बलेनो आरएस आणली. 1.0 लिटर टर्बो इंजिन, 102 पीएस. पण गाडी साध्या पेट्रोल बलेनोपेक्षा सुमारे 60 किलोने जड होती आणि कंपनीला मागच्या चाकांनाही डिस्क ब्रेक द्यावे लागले. कंपनीने पॉवर वाढवताना ब्रेकही वाढवले. गल्लीतल्या रीमॅपमध्ये ही दुसरी पायरी बहुतेकदा गाळली जाते.

रीमॅपने फरक किती पडतो?

हे तुमच्या इंजिनवर अवलंबून आहे.

इंजिन म्हणजे हवेचा पंप. जितकी हवा आत, तितकं पेट्रोल जाळता येतं आणि तितकी पॉवर मिळते. टर्बो नसलेलं साधं पेट्रोल इंजिन हवा स्वतः ओढतं. ती बाहेरच्या वातावरणाच्या दाबापेक्षा जास्त भरता येत नाही. त्यामुळे अशा इंजिनचं नुसतं सॉफ्टवेअर बदलून फार तर पाच-सात टक्के हाती लागतात. 83 चे 88 झाले तर खूप झालं. एअर फिल्टर आणि सायलेन्सर बदलला तर आवाज भरपूर वाढतो, पॉवर त्या मानाने थोडीच.

टर्बो इंजिनचं वेगळं आहे. तिथे टर्बो हवा दाबून आत भरतो आणि किती दाबायची हे ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो. सॉफ्टवेअरमध्ये हा दाब वाढवला की 20 ते 30 टक्के जास्त पॉवर मिळू शकते. रीलमध्ये दिसणाऱ्या रीमॅपच्या गाड्या बहुतेक टर्बो पेट्रोल किंवा टर्बो डिझेल असतात, याचं कारण हेच.

हवेचं महत्त्व किती, हे महाबळेश्वरला जाताना कळतं. समुद्रसपाटीपासून साधारण 1,350 मीटर उंचीवर हवा सुमारे 12 टक्के विरळ असते. साधं पेट्रोल इंजिन तिथे तितकीच पॉवर गमावतं. टर्बो गाडीला हा फटका कमी बसतो.

आता मुद्दा असा की कंपनीने पॉवर कमी ठेवली ती काही वेडेपणाने नाही. क्लच, गिअरबॉक्स, पिस्टन, कूलिंग हे सगळं एका ठराविक टॉर्कसाठी बनवलेलं असतं. त्यात कुठल्या पंपावर कसलं पेट्रोल मिळेल आणि मे महिन्यात विदर्भात 45 अंशांत गाडी कशी चालेल, याचीही मोकळीक ठेवलेली असते. रीमॅप ही मोकळीक वापरून टाकतो. पेट्रोल हलकं निघालं आणि इंजिन नॉकिंग करायला लागलं तर पिस्टनचं नुकसान होऊ शकतं. तोवर वॉरंटीही हातातून गेलेली असते.

वजन कमी केलं तर काय बदलतं?

वजनाचा फायदा एक्सलेटर सोडल्यावरही चालू राहतो.

घाटाचं उदाहरण घ्या. चार माणसं आणि सामान धरून 1,200 किलोची गाडी 5 टक्के चढावर ताशी 60 ने चालली आहे. हवा, टायरचं घर्षण बाजूला ठेवा. नुसतं ते वजन वर उचलायलाच 13 पीएस खर्च होतात. चढ 10 टक्क्यांचा झाला की 26. एसी चालू असलेली छोटी गाडी घाटात तिसऱ्यावरून दुसऱ्या गिअरवर का येते, ते इथे कळतं.

उतारावर आणि वळणावरही वजन आडवं येतं. ब्रेक म्हणजे गाडीच्या गतीची उष्णता करणारं यंत्र. वजन 10 टक्क्यांनी कमी झालं तर ब्रेकना 10 टक्के कमी उष्णता पचवावी लागते. आणि पॉवर वाढल्यामुळे तुम्ही त्याच वळणावर ताशी 80 ऐवजी 100 ने पोहोचलात तर? त्याच ब्रेकवर 56 टक्के जास्त भार येतो. वेगाचा परिणाम वर्गाने वाढतो म्हणून.

टायरचंही तसंच. टायरवर वजन वाढलं की त्याची पकड वाढते, पण वजनाच्या प्रमाणात वाढत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणून हलकी गाडी त्याच टायरवर वळण जास्त विश्वासाने घेते.

लोटस कंपनीचे संस्थापक, ब्रिटिश इंजिनिअर कॉलिन चॅपमन यांनी आख्खी कंपनी या एका कल्पनेवर उभी केली. 1996 ची लोटस एलिस हे त्या विचाराचं नंतरचं फळ. ॲल्युमिनियमचे भाग गोंदाने चिकटवून बनवलेली तिची चॅसी फक्त 68 किलोची. अख्खी गाडी सव्वासातशे किलोंच्या आसपास. इंजिन 1.8 लिटरचं, सुमारे 120 पीएस. एवढी पॉवर आज मध्यम एसयूव्हीतही असते. पण एलिस शंभरचा वेग सहा सेकंदांच्या आसपास गाठायची.

रेसिंगवाल्यांना वजनाची किंमत चांगली ठाऊक आहे. ब्रिटिश टूरिंग कार चॅम्पियनशिपमध्ये 2021 पर्यंत पद्धत होती की जो जिंकतो त्याच्या गाडीत पुढच्या शर्यतीसाठी जादा वजन टाकायचं, म्हणजे सगळे बरोबरीला येतात. 2022 ला नियम बदलला. वजन टाकण्याऐवजी पुढे असणाऱ्याला हायब्रिड मोटरची जादा पॉवर कमी वेळ वापरू द्यायची, असं ठरलं. म्हणजे एकाच गाडीला मागे खेचायचे दोन मार्ग. एकात वजन वाढवा, दुसऱ्यात पॉवर काढून घ्या.

हलकेपणाचीही किंमत असते

इथवर वाचून पाना घेऊन मागची सीट खोलायला निघाला असाल तर थांबा.

5 सप्टेंबर 1970. इटलीत मोंझाच्या ट्रॅकवर फॉर्म्युला वनचा सराव चालू होता. योहेन रिंट लोटस 72 चालवत होता. या गाडीचे पुढचे ब्रेक चाकात न बसवता आत, गाडीच्या अंगात बसवले होते. उद्देश हा की चाकांवरचं वजन कमी व्हावं. चाकाला ब्रेकशी जोडणारा शाफ्ट तुटला, गाडी बॅरिअरवर आदळली आणि रिंटचा मृत्यू झाला. इटलीतल्या कोर्टाने अपघाताची सुरुवात शाफ्ट तुटण्याने झाली असं मानलं आणि मृत्यूला नीट न बसवलेले बॅरिअर कारणीभूत ठरवले. त्या वर्षीचं विश्वविजेतेपद रिंटला मरणोत्तर मिळालं.

वजन कमी करण्याची कल्पना तिथे चुकीची नव्हती. पण वजन कमी करताना एखादा भाग जास्तीचं काम करू लागतो, आणि तो भाग तुटला तर काय होईल याचं उत्तर आधी तयार हवं. फॉर्म्युला वनच्या इंजिनिअर्सनाही हे अवघड गेलं. गॅरेजमध्ये ग्राइंडर घेऊन बसलेल्यांसाठी तर हा विषय नाहीच.

आपल्याकडे 'हलकी गाडी म्हणजे पत्र्याचा डबा' असं सर्रास म्हटलं जातं. तेही पूर्ण खरं नाही. 2014 ला ग्लोबल एनकॅपने एअरबॅग नसलेली जुनी, जड स्विफ्ट आपटून बघितली, तिला शून्य स्टार मिळाले. 2018 ला नवी, हलकी स्विफ्ट एअरबॅगसह तपासली, तिला 2 स्टार. 2024 ला आलेली नवी डिझायरही हार्टेक्ट प्लॅटफॉर्मवरचीच, वजन हजार किलोंच्या आत, तिला 5 स्टार मिळाले. म्हणजे वाचवतं ते नुसतं वजन नाही. कुठे कसलं स्टील आहे, किती एअरबॅग आहेत, सांगाडा किती पक्का आहे, यावर ते ठरतं.

म्हणून रोजच्या गाडीतून काही गोष्टी कधीच काढायच्या नाहीत. सीट आणि सीटबेल्ट, एअरबॅग, दाराच्या आतले लोखंडी बार, बंपरच्या मागची बीम. रॅलीच्या गाड्या आतून उघड्या दिसतात, पण तिथे काढलेल्या वजनाच्या बदल्यात पोलादी रोल केज, रेसिंग सीट आणि हेल्मेट आलेलं असतं.

फुकटात उतरणारं वजन

तरीही साध्या गाडीतून बरंच काही उतरवता येतं. पानाही लागत नाही.

डिकी उघडा. पाण्याचे कॅन, जुने बूट, क्रिकेटची किट, गेल्या दिवाळीपासून पडलेला बॉक्स. 20-25 किलो सहज निघतात. सबवूफरचा लाकडी डबा असेल तर त्यात आणखी भर.

पेट्रोलची टाकी. स्विफ्टची टाकी 37 लिटरची आहे. ती भरली की 27-28 किलो वजन चढतं. शहरातल्या शहरात फिरताना अर्धी टाकी पुरते.

टपावरचं कॅरिअर. वापर नसताना ते काढून ठेवलं तर वजन आणि हवेचा विरोध दोन्ही कमी होतात.

अलॉय व्हील. इथे बरेच जण फसतात. अलॉय म्हणजे हलकं, असं गृहीत धरून 14 इंचाच्या जागी 17 इंच टाकतात. मोठं चाक, रुंद टायर, वजन उलट वाढतं. त्यात चाक फिरणारा भाग असल्याने त्याचं वजन दोनदा नडतं, एकदा गाडीबरोबर पुढे ढकलताना आणि एकदा गोल फिरवताना. दिसायला भारी, पिकअप गेला. चाक बदलायचंच असेल तर कंपनीने सांगितलेल्या मापात राहा आणि दुकानदाराला चाक काट्यावर ठेवायला लावा.

स्टेपनी मात्र ठेवा. रात्री कशेडीच्या घाटात टायर फुटला तर वाचवलेले दहा-बारा किलो उपयोगाला येणार नाहीत.

आणि सीएनजी. वजन आणि पॉवर दोन्ही एकदम उलट्या दिशेला गेले की काय होतं, याचा अनुभव महाराष्ट्रात लाखो लोक रोज घेतात. 2022 च्या सीएनजी स्विफ्टची पॉवर पेट्रोलवर जवळपास 90 पीएस होती, गॅसवर 77.5. त्यावर सिलिंडर आणि किटचं 50 किलोंहून जास्त वजन. पैसे वाचतात हे खरं, पण सीएनजी गाडीचा घाटात पिकअप का मिळत नाही, याचं कोडं इथे सुटतं. अशी गाडी घाट चढण्याआधी पेट्रोलवर घेणं हा सगळ्यात स्वस्त पॉवर अपग्रेड आहे.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार कंपनीने दिलेल्या आणि आरसी बुकात नोंदलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच स्पष्ट केलं. सीएनजी किटसारखे काही बदल मान्यताप्राप्त किट वापरून आणि आरटीओकडे नोंद करून करता येतात. बाकी बेकायदा बदलांसाठी कलम 182 अ (4) मध्ये दर बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

याहून मोठा धोका इन्शुरन्सचा. गाडीत बदल करून कंपनीला कळवलं नसेल, तर अपघातानंतर क्लेम नाकारायला ते कारण पुरतं. थर्ड पार्टीला दुखापत झालेली असेल तर प्रकरण आयुष्यभराचं होऊ शकतं.

मग करायचं काय?

गाडी साधी पेट्रोल असेल, टर्बो नसेल, तर पॉवरच्या मागे लागू नका. हजारो रुपये घालून चार-पाच पीएस मिळतील. मागच्या सीटवरचा एक मित्र उतरला तरी तेवढाच फरक पडतो.

गाडी टर्बो असेल आणि रीमॅपचा मोह होत असेल, तर वॉरंटी, इन्शुरन्स आणि कायदा हे तिन्ही खर्च आधी हिशोबात धरा. आणि ब्रेक, टायर, क्लच तसेच ठेवून फक्त पॉवर वाढवणारा हात लांबच ठेवा.

खरंच वेगाची हौस असेल तर तिची जागा ट्रॅकवर आहे. कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टाईचा ट्रॅक, अशा ठिकाणी नियमांखाली गाडी हलकीही करता येते आणि तगडीही.

आणि तुमची तक्रार एवढीच असेल की गाडी पहिल्यासारखी पळत नाही, तर क्रम साधा आहे. टायरमधली हवा बघा. कमी हवेचा टायर गाडीला सतत मागे ओढतो. एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग बदलून किती दिवस झाले ते बघा. ब्रेक कुठे घासत नाही ना, ते मेकॅनिककडून तपासून घ्या. मग डिकी रिकामी करा. यातलं काहीही बेकायदा नाही, वॉरंटी जात नाही, आणि गमावलेली पॉवर बऱ्याचदा इथेच सापडते. एवढं करूनही समाधान झालं नाही, तरच रीमॅपवाल्याचा नंबर शोधा.